मदरबोर्ड गेला नव्हता: जुन्या अ‍ॅटम नेटबुकवर अँटीएक्स २३, तीन महिन्यांनंतर

हा रिव्ह्यू अँटीएक्स २३ चा आहे (जुन्या मशीनसाठी बनवलेलं लिनक्सचं एक डिस्ट्रो, म्हणजे तयार संच), त्यातही ३२-बिट आवृत्तीचा (ती जुन्या प्रोसेसरसाठी असते, नवे प्रोसेसर ६४-बिट असतात), आणि तोसुद्धा एका ठराविक मशीनवरचा. इंटेल अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम (नंतर २ केली), १६० जीबीची फिरती हार्ड डिस्क, दहा इंची स्क्रीन. नवा लॅपटॉप असणाऱ्यांना यातलं फारसं काही लागू नाही. पण ज्यांच्या कपाटात २००८-०९ सालचं नेटबुक पडलंय आणि कुणीतरी "लिनक्स टाकून बघितलं, चालूच होत नाही" म्हणून ते परत कपाटात ठेवून दिलंय, त्यांनी मात्र नीट वाचा. भंगारात घालण्याआधी तर नक्कीच वाचा.

झालं असं की आमच्या मामांच्या गावात, मिरज तालुक्यात, छोटं वाचनालय आहे आणि रिटायर झाल्यापासून मामाच ते बघतात. त्यांना दोन जणांनी दोन नेटबुक भेट दिली, एक गावातल्या डॉक्टरांनी आणि एक एका मास्तरांनी. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्ही काळी, झाकण बंद केलं तर कुठलं कुणाचं ओळखू येणार नाही इतकी सारखी. दोन्हींवर तोच चौकोनी स्टिकर, इंटेल अ‍ॅटम. एकात विंडोज एक्सपी होतं आणि दुसऱ्यात विंडोज ७ स्टार्टर, दोन्ही रडतखडत चालणारी. मामांना हवं होतं एवढंच की पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर यावी, मराठीत यावी आणि कोणतं पुस्तक कुणाकडे आहे ते शोधता यावं.

त्यांनी तालुक्याच्या गावी एका दुकानात दोन्ही मशीन दिली. दुकानदाराने एकाच निळ्या पेनड्राइव्हवरून दोन्हींवर लिनक्स टाकायचा प्रयत्न केला. मास्तरांच्या मशीनवर झालं. डॉक्टरांच्या मशीनवर मेनू आला, मेनूतून पर्याय निवडला आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी येऊन सगळं थांबलं. दुकानदाराने ३५० रुपये घेतले आणि सांगितलं की याचा मदरबोर्ड गेलाय, रिपेअर करण्यात अर्थ नाही, भंगारात द्या. मामांनी ते पिशवीत घालून घरी आणलं आणि मला फोन केला, म्हणाले, "अगं, एकाच आईची दोन लेकरं वाटतात, मग एक चालतं आणि एक कसं चालत नाही?"

मी गेले तेव्हा पहिल्यांदा तोच निळा पेनड्राइव्ह लावून बघितला आणि त्या दोन ओळी स्वतः वाचल्या. साध्या इंग्रजीत लिहिलेलं होतं, मराठीत सांगायचं तर: या कर्नलला (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला) एक्स८६-६४, म्हणजे ६४-बिट सीपीयू लागतो, इथे फक्त आय६८६, म्हणजे ३२-बिट सीपीयू सापडला, बूट करता येत नाही, तुमच्या सीपीयूला योग्य असा कर्नल वापरा. संपलं. मदरबोर्डबद्दल एक अक्षर नाही! मशीन स्वतः सांगतंय की मला दुसरी फाइल द्या, आणि माणूस म्हणतोय मशीन मेलं. मला खरंच राग आला, कारण मामांच्या जागी दुसरं कुणी असतं तर ते नेटबुक त्याच दिवशी भंगारवाल्याच्या गाडीत गेलं असतं. किती गेली असतील अशी.

आता नेमका घोळ काय ते सांगते, कारण अँटीएक्स मी का घेतलं ते त्याशिवाय कळणार नाही. डॉक्टरांचं मशीन एन२७० चं, हा प्रोसेसर २००८ मध्ये आला, १.६ गिगाहर्ट्झ, एकच कोर पण हायपरथ्रेडिंगमुळे सिस्टिमला दोन दिसतात (त्यावरून बरेच जण याला ड्युअल कोर समजतात, तो नाहीये). हा फक्त ३२-बिट आहे. मास्तरांचं मशीन वर्षभराने घेतलेलं, त्यात एन४५०, आणि हा २०१० च्या सुरुवातीला आलेला प्रोसेसर ६४-बिट चालवतो. दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर ६४-बिट आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, होती. एवढंच कारण. बरं, अ‍ॅटम म्हणजे जुनं म्हणजे ३२-बिट असा सरळ हिशोबही नाही, २००८ मध्येच डेस्कटॉपसाठी जे अ‍ॅटम २३० आणि ३३० आले ते ६४-बिट होते आणि त्याच वर्षीचा नेटबुकवाला एन२७० मात्र नाही. म्हणजे स्टिकरवरून काही कळत नाही, सालावरून काही कळत नाही, पूर्ण नंबर बघावाच लागतो.

आणि तो मेनू आला म्हणून लोक फसतात. मेनू दाखवणारा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर, तो जुन्या पद्धतीच्या कोडमध्ये चालतो, त्याला ६४-बिट लागत नाही. त्यामुळे रंगीत मेनू व्यवस्थित येतो, बाण हलतो, टायमर चालतो. एंटर दाबल्यावर कर्नल अगदी सुरुवातीला प्रोसेसर तपासतो आणि तिथे अडतो. बघणाऱ्याला वाटतं की सुरू होता होता काहीतरी जळलं.

नंबर कसा बघायचा? मशीनवर काहीतरी चालत असेल तर सोपं आहे, लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू टाइप करा, वरच्या दोन-तीन ओळींतच ऑप-मोड लिहिलेला असतो, तिथे ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही दिसले तर ६४ चालेल, एकटं ३२ दिसलं तर नाही. किंवा फ्लॅग्जच्या लांबलचक यादीत एलएम हे दोन अक्षरांचं नाव आहे का बघा, ते लाँग मोडचं, म्हणजेच ६४-बिटचं. विंडोज असेल तर माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे प्रोसेसरचा नंबर दिसतो. आणि काहीच चालत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरा, पहिल्याच पानावर प्रोसेसरचं नाव असतं, तो नंबर इंटेलच्या साइटवर टाकला की इन्स्ट्रक्शन सेट ३२-बिट की ६४-बिट ते लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे. ३५० रुपये घेणाऱ्या माणसाने पाच मिनिटं द्यायला हवी होती असं मला अजूनही वाटतं.

मग मी शोधायला बसले की २०२५ मध्ये ३२-बिट देतंय कोण, आणि यादी फार वेगाने छोटी होत गेली. उबंटूने डेस्कटॉपची ३२-बिट आयएसओ २०१७ मध्येच, १७.१० पासून बंद केली, झुबंटू आणि लुबंटूने १८.१० पर्यंत दिली. मिंटची १९ ची मालिका शेवटची, २०२० मध्ये आलेलं मिंट २० फक्त ६४-बिट. त्यांची डेबियनवर आधारलेली एलएमडीई ६ होती ३२-बिटमध्ये, ७ मध्ये तीही बंद. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खुद्द डेबियन, ज्याच्यावर उबंटूसकट यातली बरीच उभी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यात आय३८६ साठी, म्हणजे ३२-बिटसाठी, ना इन्स्टॉलर, ना कर्नल, जुने ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट मशीनवर चालवता यावेत एवढ्यापुरतंच ते ठेवलंय. डेबियन १२ मध्ये मात्र सगळं आहे आणि त्याचा लाँग टर्म सपोर्ट जून २०२८ पर्यंत आहे. अँटीएक्स २३ डेबियन १२ वर उभं आहे. म्हणून ते.

साधं डेबियन १२ का नाही घेतलं असं मामेभावाने विचारलं. चाललं असतं, एन२७० ला पीएई (३२-बिट प्रोसेसरला ४ जीबीच्या वरची रॅम वापरू देणारी सोय, काही कर्नल ती मागतात) आहे त्यामुळे डेबियनचा ६८६-पीएई कर्नल त्यावर बूट होतो, आणि १२ पासून वायफायचे फर्मवेअर पण इन्स्टॉलरमध्येच येतात. पण डेबियन टाकल्यावर डेस्कटॉप हलका करणं, काय काढायचं काय ठेवायचं हे सगळं आपल्याला करावं लागतं, आणि मला शनिवार-रविवारात उरकून पुण्याला परतायचं होतं. अँटीएक्सवाल्यांनी ते काम आधीच करून ठेवलंय. केडीई, जीनोमसारखे जड डेस्कटॉप नाहीत, आइसडब्ल्यूएम आणि फ्लक्सबॉक्ससारखे जुने हलके विंडो मॅनेजर. मशीन सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणारा सिस्टिमडी नाही, त्या जागी जुना सिसव्हीइनिट आहे. सिस्टिमडीवरून भांडणाऱ्यांत मी नाही, मला फक्त मशीन चालायला हवं होतं.

डाउनलोडचं पान बघताना एक सांगते. अँटीएक्सच्या फाइलच्या नावात ३८६ असेल ती ३२-बिट आणि एक्स६४ असेल ती ६४-बिट, हे त्यातल्या त्यात सरळ आहे. डेबियनकडे मात्र नावं आय३८६ आणि एएमडी६४ अशी आहेत, आणि आमचा मामेभाऊ मास्तरांच्या मशीनसाठी ठाम होता, "ताई, आपला इंटेल आहे, एएमडीची फाइल कशी चालेल?" हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी बघितलाय की थोडं थांबून लिहिते. ६४-बिटची ही पद्धत एएमडीने बनवली, २००३ मध्ये ऑप्टेरॉनबरोबर बाजारात आणली, इंटेलने २००४ मध्ये तीच उचलली, म्हणून डेबियनमध्ये तिचं नाव एएमडी६४ राहिलं. इंटेलचा ६४-बिट प्रोसेसर असला तरी हीच फाइल घ्यायची. आयए६४ नावाचं जे जुन्या पानांवर दिसतं ते इंटेल ६४ नव्हे, ते इटेनियम नावाच्या वेगळ्याच सर्व्हर प्रोसेसरचं, ते आपल्या कुठल्याच मशीनवर चालणार नाही. आणि आय३८६ नाव असलं तरी ती फाइल खऱ्या ३८६ वर चालत नाही, लिनक्स कर्नलने ३८६ चा सपोर्ट ३.८ आवृत्तीतच काढून टाकला आणि डेबियनला तर आता निदान ६८६ लागतो. नाव जुनं राहिलंय एवढंच.

तर मी दोन पेनड्राइव्ह केले. एक ३८६ फुल, एक एक्स६४ फुल. फुल आयएसओ दोन जीबीच्या आत बसते, ४ जीबीचा जुना पेनड्राइव्ह पुरतो.

डॉक्टरांच्या मशीनवर एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला, तोच मेनू, एंटर, आणि यावेळी पांढरी अक्षरं वर सरकायला लागली. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले होते, चष्मा कपाळावर. दोन-सव्वादोन मिनिटं लागली डेस्कटॉप यायला, यूएसबी २ आहे, त्यापेक्षा फास्ट होणार नाही. आला. मामांनी मशीनच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाले, "याला गरम पण होत नाहीये की." नाहीच होत, या प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे तो किती उष्णता सोडतो तो आकडा, अवघा अडीच वॅट आहे.

लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून बघायला यूजर डेमो आणि पासवर्डही डेमो. इथेच सगळं तपासून घ्या, हार्ड डिस्कला हात लावण्याआधी. माझ्याकडे स्क्रीनचं रिझोल्यूशन आपोआप १०२४ बाय ६०० आलं, इंटेलचं जीएमए ९५० ग्राफिक्स आहे आणि लिनक्सला ते वर्षानुवर्षं ओळखीचं. आवाज आला. वायफायची चिप अ‍ॅथेरॉसची, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो त्यामुळे लगेच नेटवर्क दिसलं. तुमच्यात ब्रॉडकॉमची चिप असेल तर वेगळं फर्मवेअर लागू शकतं, तेव्हा आधी केबल लावून ठेवा.

इन्स्टॉल साधारण चाळीस मिनिटं. इन्स्टॉलर पाच-सहा प्रश्न विचारतो, भाषा, डिस्क, नाव, पासवर्ड. एक गोष्ट दहा इंची स्क्रीनवाल्यांसाठी: काही खिडक्या ६०० पिक्सेलपेक्षा उंच असतात आणि खालची ओके-नेक्स्टची बटणं स्क्रीनच्या खाली जातात. ऑल्ट दाबून ठेवून माउसने खिडकी धरून वर ढकलायची, बटण दिसतं. लिब्रेऑफिसच्या मोठ्या डायलॉगमध्ये हे कायम लागतं, मामांना मी ते वहीत लिहून दिलंय.

हार्ड डिस्कवरून सुरू व्हायला साधारण एक मिनिट. सुरू झाल्यावर काहीही न उघडता रॅम बघितली तर २०० ते २५० एमबीच्या मधे. १ जीबीच्या मशीनवर हा आकडा काय चीज आहे ते एक्सपीची शेवटची वर्षं अँटिव्हायरससकट काढलेल्यांना विचारा. लिब्रेऑफिस कॅल्क पहिल्यांदा उघडायला पंचवीस-तीस सेकंद घेतं, एकदा उघडलं की टायपिंग अडत नाही. पुढच्या खेपेला मी २ जीबीची डीडीआर२ रॅम टाकली, सेकंडहँड, आणि फायरफॉक्स उघडलेलं असताना जी डिस्क सतत कुरकुरायची ती थांबली. या चिपसेटला २ जीबीच्या वर रॅम चालत नाही त्यामुळे ४ ची घेऊ नका.

मराठीचं बघूया, कारण आम्हाला सगळ्यात जास्त तेच हवं होतं. मी लोहित देवनागरीचे फाँट टाकले, कीबोर्डला इंग्रजीबरोबर मराठी इन्स्क्रिप्ट जोडला, दोन्हींत अदलाबदलीला ऑल्ट-शिफ्ट ठेवलं. जोडाक्षरं बरोबर, रफार बरोबर, "र्‍ह" पण बरोबर येतो. मामा आयुष्यभर टाइपरायटरवर बसलेले, त्यांना इन्स्क्रिप्टमध्ये अक्षरांच्या जागा बदललेल्या आहेत हे आठवडाभर जड गेलं, मग बसलं. फक्त हे सगळं सेटिंग टेक्स्ट फाइलमध्ये आणि अँटीएक्सच्या कंट्रोल सेंटरमध्ये विखुरलेलं आहे, मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत एका जागी कुठे समजावलेलं मला सापडलं नाही. नवख्या माणसाचा यात एक अख्खा दिवस जाईल, हे धरून चाला.

आता जे आवडलं नाही ते. डेस्कटॉपवरच्या आयकॉनला एकच क्लिक लागतो आणि ज्याची वीस वर्षं दोनदा क्लिक करण्यात गेली तो दोनदाच करतो, मग एकाऐवजी दोन खिडक्या उघडतात, मामांच्या स्क्रीनवर एकदा फाइल मॅनेजरच्या सहा खिडक्या होत्या. सेटिंगमधून बदलता येतं पण ते आधीच तसं हवं होतं. मेनू प्रचंड भरलेला आहे, एकाच कामाला तीन-तीन प्रोग्राम, वायफाय जोडायला कॉनमॅन पण आहे आणि सेनी पण आहे, कुठलं वापरायचं ते कुणी सांगत नाही (कॉनमॅन वापरा, दुसऱ्याला हात लावू नका). डेस्कटॉपवर कोपऱ्यात सीपीयू आणि रॅमचे आकडे सतत हलत असतात ते मी पहिल्या दिवशीच बंद केले, वाचनालयात येणारी पोरं पुस्तकाऐवजी त्याच्याकडेच बघत बसायची. दिसायला एकूण साधं आहे, २००५ सालचं वाटतं. मला त्याचं काही नाही, पण घरात कुणाला "छान दिसतं का" हे महत्त्वाचं असेल तर आधी लाइव्ह दाखवून घ्या.

इंटरनेटचं खरं सांगते. एन२७० वर आजची वेबसाइट म्हणजे धीराचं काम. बातम्यांची साइट उघडायला पंधरा-वीस सेकंद, स्क्रोल करताना अडकते. यूट्यूब ब्राउझरमध्ये विसरा, एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये ३६० पी चालतं. गुगल क्रोम तर ३२-बिट लिनक्सवर २०१६ पासूनच मिळत नाही. फायरफॉक्सने पण १४४ नंतर ३२-बिट लिनक्स सोडलं, ईएसआर १४० (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) तेवढं निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत चालू राहील असं त्यांनी सांगितलंय. म्हणजे बँकेची, सरकारी कामं या मशीनवर करायचा विचारच नको. आमचं मशीन यादीसाठी आहे, वायफाय फक्त अपडेटच्या वेळी लावतो. सिक्युरिटीवरून आठवलं, २०१८ मध्ये मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींचा जो गोंधळ झाला त्यात हे २०१३ च्या आधीचे अ‍ॅटम सुटले होते, कारण ते सूचना आल्या त्या क्रमानेच चालवतात, पुढचं अंदाजाने आधी करून ठेवत नाहीत. संथ असण्याचं हेही कारण, आणि सुरक्षित राहण्याचंही.

मास्तरांच्या एन४५० वर मी एक्स६४ टाकलं. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट आयएसओ चालते, उलटं होत नाही, त्यामुळे दोन्हींवर ३८६ टाकून मोकळं होता आलं असतं आणि १ जीबी रॅम असेल तर मीही तसंच सांगेन, ३२-बिट प्रोग्राम मेमरी थोडी कमी खातात. पण त्यात २ जीबी आहे, आणि ब्राउझर पुढे मिळत राहायचा असेल तर ६४ बरं. वेगात मला तरी फरक जाणवला नाही.

हे सगळं बघून मामांच्या एका मित्रांनी त्यांचा जुना जाड लॅपटॉप आणला, पेन्टियम एम, ४०० मेगाहर्ट्झ बसवाला. यात आणखी वेगळी गंमत आहे आणि जुन्या ऑफिसांमध्ये हे लॅपटॉप अजून पडून आहेत म्हणून लिहिते. या सुरुवातीच्या पेन्टियम एमला पीएई प्रत्यक्षात जमतं, पण विचारलं तर तो "मला येत नाही" असं सांगतो, म्हणजे त्या फ्लॅगची नोंदच करत नाही. त्यामुळे पीएई मागणारा कर्नल ३२-बिट असूनही थांबतो आणि पडद्यावर लिहितो की लागणारं फीचर सीपीयूमध्ये नाही, पीएई. त्यावर उपाय कर्नलमध्येच आहे, बूट मेनूत ओळ एडिट करून शेवटी फोर्सपीएई असा शब्द इंग्रजीत जोडायचा, ३.१५ कर्नलपासून तो चालतो. अँटीएक्सच्या ३८६ आवृत्तीत मात्र पीएई न मागणारा कर्नल आहे, त्यामुळे आमचा तो लॅपटॉप काहीही न जोडता सरळ सुरू झाला. माझ्या दृष्टीने या डिस्ट्रोचा सगळ्यात मोठा गुण हाच. जे मशीन बाकीच्यांच्या दारातून परत येतं त्याला इथे आत घेतात. पेन्टियम एम ठीक, त्याला एसएसई२ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा संच) आहे. पेन्टियम ३ किंवा अ‍ॅथलॉन एक्सपी असेल तर एसएसई२ नसल्याने कर्नल सुरू झाला तरी आजचे ब्राउझर उघडणार नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

आणि ज्यांना वाटतंय की आपला ६४-बिट आहे म्हणजे सुटलो, त्यांच्यासाठी माझ्या ऑफिसमधल्या एकाची गोष्ट थोडक्यात. घरी कोअर २ ड्युओ, पक्का ६४-बिट, शिकायला म्हणून रेड हॅटच्या ९ च्या घराण्यातलं एक डिस्ट्रो टाकायला गेला, बूट होताना जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची एरर, सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ सपोर्ट करत नाही. आता ६४-बिटमध्येही पायऱ्या केल्यात. व्ही२ ला एसएसई४.२ वगैरे लागतं, इंटेलमध्ये ते नेहेलेमपासून, म्हणजे २००८ च्या शेवटापासून, कोअर २ मध्ये नाही. रेड हॅट ९ व्ही२ मागतं, २०२५ चं १० तर व्ही३ मागतं, त्यात एव्हीएक्स२ येतं, म्हणजे २०१३ च्या हॅसवेलपासून पुढे. तेही कोअर आय३-आय५ वगैरेंमध्ये, त्याच पिढीतल्या पेन्टियम-सेलेरॉनमध्ये एव्हीएक्स२ बंद असतं. अल्मालिनक्सने १० ची व्ही२ वाली वेगळी आवृत्ती काढलीय ती अशांसाठीच. ओपनसुसेचं लीप १६ पण व्ही२ मागतं. डेबियन आणि त्याच्यावर आधारलेली मंडळी साध्या ६४-बिटवर अजून चालतात. त्या मित्राला मी अँटीएक्स एक्स६४ चा पेनड्राइव्ह दिला, त्याने पुढे साधं डेबियन टाकलं, छान चाललंय. इथेही तेच, मशीनला दोष नव्हता.

नावाबद्दल एक, हे मामांना फार आवडलं. अँटीएक्सच्या आवृत्त्यांना फॅसिझम आणि अन्यायाविरुद्ध उभं राहिलेल्यांची नावं देतात, २३ चं नाव आर्दीती देल पोपोलो, १९२१ मध्ये इटलीत मुसोलिनीच्या काळ्या डगलेवाल्यांशी भिडलेली संघटना. मामांनी वाचनालयात इटलीवर काय आहे ते शोधलं, एकच पुस्तक निघालं, ते यादीत पहिलं टाकलं.

रेटिंग द्यायचं तर: ३२-बिट मशीन असेल तर पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क तो मेनू आणि क्लिकवरून कापला. ६४-बिट जुनं मशीन आणि २ जीबीपर्यंत रॅम असेल तर चार. ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर हे घेऊ नका, मिंट घ्या, जास्त सुखात राहाल. पैसे शून्य, डाउनलोड फुकट आहे. ज्यांना जमेल त्यांनी प्रोजेक्टला थोडं डोनेशन द्या, अगदी थोडी माणसं हे काम करतात आणि ३२-बिटसाठी कर्नल बनवून देणारे आता फारच कमी उरलेत.

तीन महिन्यांत मशीन एकदाही अडकून बंद करावं लागलं नाही. यादीत १,१४० पुस्तकं झालीत, कादंबऱ्या संपल्या, सध्या बालसाहित्य चालू आहे. बॅटरी पूर्ण मेलेली आहे, प्लग काढला की बंद, त्यामुळे मामा दर दहा नोंदींनी सेव्ह करतात. दोन्ही नेटबुकच्या खालच्या बाजूला त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने मोठ्ठं लिहून ठेवलंय, डॉक्टरांच्यावर ३२ आणि मास्तरांच्यावर ६४, आणि दोन्ही पेनड्राइव्हना पण तशाच पट्ट्या. परवा फोनवर म्हणाले की त्या दुकानात जाऊन आलो, मशीन चालू करून दाखवलं, त्या पोराला राग नाही आला, उलट त्याने विचारलं काका ही ३२ वाली फाइल मला कॉपी करून देता का, माझ्याकडे अशी अजून चार पडलीत. मामांनी लगेच दिली.